पर्यावरणमंत्री, एका तासापुरती

कॉलेजच्या अभिरूप संसदेत सत्तेत कोण आणि विरोधात कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. पर्यावरण, वन आणि हवामान बदल हे खातं मात्र चिठ्ठीने आलं नाही, ते माझ्या गळ्यात पडलं. संरक्षणमंत्री व्हायला रांग होती, गृहखात्यावरून रुसवेफुगवे झाले, आणि कॉलेज भुसावळचं म्हटल्यावर रेल्वेमंत्री तर मागच्या बाकावरचे सगळेच. पर्यावरणाचं नाव निघालं की जो तो वहीत डोकं घालायचा. शेवटी सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू घे. यंदाचा विषय कार्बन उत्सर्जन आहे. संरक्षणमंत्र्याच्या वाट्याला एखादं वाक्य येईल, तुला जवळजवळ तासभर उत्तरं द्यायचीत." संरक्षणमंत्र्याचा चेहरा तिथेच उतरला, पण खातेवाटप जाहीर झालं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युवा संसद स्पर्धा केंद्राचं संसदीय कार्य मंत्रालय घेतं. १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांपासून ती सुरू झाली, महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी १९९७-९८ पासून. पन्नासेक विद्यार्थी, तासाभराचं कामकाज. शपथ, श्रद्धांजली, प्रश्नोत्तरं, कागदपत्रं पटलावर ठेवणं, मग चर्चा किंवा विधेयक, असा क्रम. बऱ्याच कॉलेजांत संहिता गेल्या वर्षीचीच असते, नावं फक्त बदलतात. पाठ केलेला सभात्यागही ठरलेल्या मिनिटाला होतो.

आमच्या सरांनी संहिता द्यायलाच नकार दिला. त्यांची अट एकच: "पृथ्वी आपली माता आहे" या वाक्याने जो सुरुवात करील त्याला मार्शलकरवी बाहेर काढण्यात येईल. आधी खऱ्या संसदेत या विषयावर लोक काय बोलले ते वाचून या, म्हणाले. संसदेच्या संकेतस्थळावर वादवृत्तं, म्हणजे चर्चेच्या शब्दशः नोंदी, असतात. हिंदीत बोललेलं हिंदीत, इंग्रजीत बोललेलं इंग्रजीत छापलेलं, त्यामुळे हिंदी-इंग्रजीची खिचडी वाचावी लागते, पण वाचता येतात.

मी वाचली. अगदी खरं सांगायचं तर सुरुवातीची पानं वाचताना झोप येत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत वायुप्रदूषण आणि हवामान बदलावर नियम १९३ खाली चर्चा झाली. काँग्रेसच्या मनीष तिवारींनी ती सुरू केली. तृणमूलच्या काकोली घोष दस्तीदार तोंडाला मास्क लावून सभागृहात बोलल्या. कोविडच्या आधीची गोष्ट आहे ही, तेव्हा मास्क म्हणजे बातमी होती. मग २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात, ग्लासगोच्या हवामान परिषदेनंतर लगेचच, पुन्हा नियम १९३. या नियमाखाली ठराव नसतो, मतदान नसतं, नुसती चर्चा. आमच्याकडे पारावर होते तशी; फक्त इथे मंत्र्याला शेवटी उत्तर द्यावं लागतं.

झोप का येत होती, ते नंतर लक्षात आलं. पर्यावरणाच्या विरोधात कुणीच नसतं. सत्ताधारी असो नाहीतर विरोधक, पहिली पाच मिनिटं सगळ्यांची सारखीच: एखादा श्लोक, गांधीजी, मग आकडे. भारताचं दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेचं चौदा टनांच्या घरात. एकूण उत्सर्जनात मात्र चीन आणि अमेरिकेनंतर आपण तिसरे. मग ग्लासगोत पंतप्रधानांनी जाहीर केलेलं पंचामृत: २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमता वगैरे. हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे, पण दहाव्या भाषणात डोळे मिटायला लागतात. जाग येते ती सदस्य आपल्या मतदारसंघात शिरला की. कुणाचा किनारा समुद्र खातोय, कुणाकडे पराली जळतेय, कुणाच्या पहाडात गाव खचतंय. तिथे भाषण सुटतं आणि माणूस बोलायला लागतो.

म्हणून सरांनी आमच्या संसदेत तालुक्यागणिक मतदारसंघ केले. वर्गात आम्ही एकमेकांना त्याच नावांनी हाका मारायला लागलो. रावेर, साक्री, धडगाव, चोपडा, शिंदखेडा. कॅन्टीनमध्ये "ए धडगाव, चहा घेते का?" असं चालायचं.

माझं घर रेल्वे कॉलनीत. पप्पा मालगाडीवर गार्ड. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा रेल्वेचा आदेश २०२२ मध्ये निघाला, पण कॉलनीत अजून गार्डच म्हणतात. मी त्यांना विचारलं, पाचशे मेगावॉटच्या संचाला दिवसाला कोळसा किती लागतो? टनांत त्यांना सांगता येईना. म्हणाले, "पूर्ण लोडवर चालला तर दोन रेक." रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, गाडी, साधारण चार हजार टन. म्हणजे आठ हजार टन. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात पाचशे-पाचशेचे दोन संच आहेत आणि नंतर सहाशे साठचा नवा संच आला. यार्डात रात्रंदिवस ज्या काळ्या वाघिणी बघत मी लहानाची मोठी झाले, त्यांचा हिशेब मी तोपर्यंत कधी केला नव्हता.

वहीवर केला. पाचशे मेगावॉट गुणिले चोवीस तास म्हणजे एक कोटी वीस लाख युनिट. कोळशाच्या विजेला युनिटमागे नऊशे ग्रॅमच्या आगेमागे कार्बन डायऑक्साइड धरला तर दिवसाला अकरा हजार टनांच्या आसपास. आकडा बघून पप्पांनी चष्मा काढला. "आठ हजार टन जाळला तर अकरा हजार टन निघेल कसा? गाडीत आठ हजार भरले तर उतरताना आठ हजारच भरायला पाहिजेत." मालगाडीवाल्याची शंका अगदी बरोबर होती. मी रसायनशास्त्राच्या मैत्रिणीकडून समजून घेतलं आणि त्यांना सांगितलं. कोळशात निम्म्याहून कमी कार्बन असतो, बाकी राख आणि ओल. पण तो कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. बारा भाग कार्बनचा चव्वेचाळीस भाग वायू होतो. जास्तीचं वजन वाघिणीतून आलेलं नसतं, हवेतून आलेलं असतं. आणि आपल्या कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्के, म्हणजे त्याच दिवशी तीन हजार टन राखही उरते. राखेचं काय करायचं यावर ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना आहे: सगळी राख सिमेंट, विटा, रस्ते, भराव यांत वापरायची आणि न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई. पप्पा एवढंच म्हणाले, "वायूला हजार रुपये नाही लागत का?"

हा प्रश्न मी मुकाट्याने लपवून ठेवला. विरोधकांच्या हाती लागला असता तर मी गेलेच होते.

इकडे विरोधक प्रश्न लिहीत बसले होते. लोकसभेचा नियम ४१ सरांनी फळ्यावरच लिहिला. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, कुणावर ठपका नको, विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, माहिती विचारायची. दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, त्यांचं उत्तर मंत्री उभं राहून देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित दोनशे तीस, त्यांची उत्तरं लेखी. आणि सूचना किमान पंधरा दिवस आधी.

रावेरने लिहून आणलेला पहिला प्रश्न असा होता: केळी उत्पादक हवामान बदलाने उद्ध्वस्त होत असताना सरकार झोपा काढत आहे, हे खरे आहे काय? सरांनी तिला विचारलं, "मंत्री काय उत्तर देईल?" मी मागून ओरडले, "हे खरे नाही." सर म्हणाले, "झालं. आणि तुझ्या पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच उत्तर: प्रश्न उद्भवत नाही."

वर्ग हसला, रावेर नाही हसली. तिच्या घरी केळीचाच व्यवहार आहे. दोन दिवस गायब झाली आणि नवा प्रश्न घेऊन आली. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीची थंडी-उन्हाची भरपाई बागेत जाऊन ठरत नाही. थंडीत पारा आठ अंशांच्या खाली ठरलेले दिवस सलग राहिला, उन्हाळ्यात ठरलेल्या अंशांच्या वर सलग राहिला, तर पैसे. आणि हा पारा मोजायचा कुठे? महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्रावर. तुमच्या बागेत घड काळे पडले तरी केंद्राचा आकडा काय म्हणतो ते खरं. तिचा नवा प्रश्न होता: रावेर आणि यावल तालुक्यांत अशी केंद्रं मंडळनिहाय किती, त्यांतली चालू किती, आणि एखादं केंद्र बंद असल्यास त्या मंडळाचं तापमान कोणत्या नोंदीवरून धरलं जातं?

विशेषण एक नाही, हवामान बदल हा शब्दसुद्धा नाही, आणि मला घाम फुटला. पृथ्वीबद्दल विचारलं की मंत्री सुटतो. पन्नास शब्दांत मंडळाबद्दल विचारलं की अडकतो.

सुटायची वाटही मला लगेच सापडली, ती म्हणजे हा प्रश्न माझा नाहीच. पीकविमा कृषी मंत्रालयाचा. हवामान विभाग पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. मंडळांतली स्वयंचलित केंद्रं 'महावेध' प्रकल्पातली, म्हणजे राज्याची. मी तिला गोड आवाजात सांगितलं, "सन्माननीय सदस्यांनी योग्य मंत्रालयाकडे विचारावं." ती म्हणाली, "मग हवामान बदल असं तुझ्या पाटीवर लिहिलंय ते कशाला?"

तालीम जसजशी पुढे गेली तसतशी ही वाट मला फारच आवडायला लागली. चोपड्याने कार्बन बाजाराबद्दल विचारलं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. ऑगस्टमध्ये लोकसभेने आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेने ती मंजूर केली. त्यातून कार्बन क्रेडिट व्यापाराची सोय आली आणि जून २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचवलं. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा कमी सोडणारा कारखाना प्रमाणपत्रं कमावतो आणि विकतो, जास्त सोडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात. चोपड्याचा प्रश्न होता: सुरुवातीच्या नऊ क्षेत्रांत सिमेंट आहे, पोलाद आहे, खत, कागद, कापड आहे, मग कोळशाची वीजकेंद्रं का नाहीत? देशाच्या उत्सर्जनात सगळ्यात मोठा वाटा तर त्यांचाच.

प्रश्न फक्कड होता. मी उठले आणि म्हणाले, "हा कायदा ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतला आहे." शेजारी बसलेला ऊर्जामंत्री दचकला. त्याने आयत्या वेळी सांगितलं की औष्णिक केंद्रं आधीपासून 'पॅट' योजनेत आहेत, तिथे त्यांना कार्यक्षमतेची उद्दिष्टं दिलेली आहेत. पुढे म्हणाला, "उत्सर्जनाबाबतचा धोरणात्मक भाग पर्यावरण मंत्रालय बघतं." आणि बसला. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे.

२०२२ मध्ये याच विधेयकावर हाच आक्षेप घेतला गेला होता, की कार्बनचा बाजार ऊर्जा मंत्रालयाकडे का, पर्यावरणाकडे का नाही. वाचलं तेव्हा मला तो तांत्रिक वाटला होता. दोन खुर्च्यांवर शेजारी बसून टोलवाटोलवी केली तेव्हा कळलं की अख्खा वाद तिथेच आहे. कार्बनवर बोलायला पंचावन्न जण तयार असतात. उत्तराला उभं कोण राहणार, हे कुणाच्याच पाटीवर नीट लिहिलेलं नसतं.

प्रत्यक्ष कामकाजाच्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये पंखे फुल्ल आणि तरी सगळे घामाघूम. सत्ताधाऱ्यांच्या जाकिटांत काहीजण वितळायच्या बेतात होते. शपथा आणि श्रद्धांजली भराभर उरकली. प्रश्नोत्तरात पहिला वार शिंदखेड्याने केला. माझं उत्तर तयार होतं: देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्येच पन्नास टक्क्यांवर गेला, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. आमच्या बाकांनी बाकं वाजवली. शिंदखेड्याने शांतपणे पुरवणी विचारली: क्षमता निम्मी, मग तयार होणाऱ्या विजेत निम्मी आहे का? नाही. रात्री सूर्य नसतो, वारा लहरी. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. हे मी सांगितलं, कारण मंत्र्याने सभागृहात खोटं बोललं तर हक्कभंग होतो, आणि परीक्षकांमध्ये एक निवृत्त प्राध्यापक बसले होते, ते चुका टिपायलाच आले होते.

मग साक्री उठला. हा मुलगा एरवी वर्गात शेवटच्या बाकावर मोबाइलमध्ये. त्याच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. मी त्याच्याकडून हरित ऊर्जेच्या कौतुकाची अपेक्षा करत होते. तो म्हणाला, स्वच्छ वीज पाहिजे, पण ती जमिनीवर उभी राहते. कोळशाला खाण लागते, सूर्याला एकरांनी माळ लागतो. आणि मग त्याने विखरणचं नाव घेतलं. जानेवारी २०१८ मध्ये वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी तिथल्या एका ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतलं होतं, काही दिवसांनी ते गेले. धुळे जिल्ह्यातल्या पोराला हे वाचून माहीत होत नाही, घरात ऐकून माहीत असतं. बोलता बोलता तो अहिराणीत शिरला: "आमनी जमीन गयी, आते सांगा, तुमनं बिल कमी व्हयनं का?"

हॉल दणाणला. आमच्या बाकांवरूनही टाळ्या. संसदीय कार्यमंत्र्याने औचित्याचा मुद्दा काढला, की सदस्यांना आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत बोलता येतं, अहिराणी त्यात नाही. अध्यक्ष झालेली मुलगी पारोळ्याची. तिने क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला, "अध्यक्षांना समजलं आहे. मंत्र्यांनी उत्तर द्यावं."

उत्तर काय देणार? मी म्हणाले, "भूसंपादन हा राज्याच्या यंत्रणेकडचा विषय असून माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." हे वाक्य वादवृत्तात इतक्या वेळा वाचलं होतं की जिभेवर आपोआप आलं. रावेरच्या प्रश्नालाही मी तेच दिलं. ती खाली बसताना वहीत काहीतरी लिहीत होती.

शेवटची पंधरा मिनिटं धडगावची. आमच्या सभागृहात त्या दिवशी शुक्रवार होता असं ठरलं होतं, कारण लोकसभेत खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. धडगावची मुलगी वसतिगृहात राहते, वर्गात विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. तिने हवामान बदलासाठी एकच कायदा असावा असं विधेयक आणलं. मसुदा दीड पानांचा. मुख्य कलमं दोन: दरवर्षी सरकारने देशाचं उत्सर्जन, हवामानामुळे झालेलं नुकसान आणि त्यावर झालेला खर्च यांचं एकत्रित निवेदन संसदेत ठेवावं, आणि त्यावरच्या सगळ्या प्रश्नांना एकच मंत्री उत्तरदायी असावा.

तिने आधार चांगले शोधले होते. पर्यावरण राखणं राज्याचं आणि नागरिकांचं कर्तव्य ठरवणारी घटनेतली ४८-अ आणि ५१-अ(ग) ही अनुच्छेदं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. पाणी, हवा यांचे कायदे १९७४ आणि १९८१ चे, पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतरचा, १९८६ चा. पण हवामान बदलावर सर्वसमावेशक असा एक कायदा आपल्याकडे नाही, हे माळढोकच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये पाहिला. ब्रिटनने असा कायदा २००८ मध्येच केला. तिथे स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेला प्रगतीचा अहवाल देते आणि सरकारला त्याला उत्तर द्यावं लागतं.

मग ती कागद बाजूला ठेवून बोलली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी शेकडो हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखलं, त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. "ते जंगल जो कार्बन शोषून घेतं, तो कुणाच्या खात्यात जमा होतो, मंत्रिमहोदया?"

हे उत्तर मला माहीत होतं. २०१५ मध्ये आपण जगाला वचन दिलंय, की २०३० पर्यंत झाडं आणि जंगलांतून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडची जास्तीची साठवण तयार करू. बारीपाड्याचं जंगल त्या हिशेबात देशाच्या खात्यावर चढतं. गावाला त्यातून आपोआप काही मिळत नाही. मी पहिला अर्धा भाग सांगितला. दुसरा सांगायची गरज पडली नाही, तो तिनेच सांगितला.

आता माझं शेवटचं काम. खासगी विधेयकाचा शेवट कसा होतो हे मी पाठ केलं होतं. मंत्री उठतो, सदस्याचं कौतुक करतो, भावनेशी सहमती दाखवतो, सरकार काय काय करतंय ते वाचून दाखवतो आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतो. सदस्य बहुतेक वेळा मागे घेतो. स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्यांची जेमतेम चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तालमीत धडगाव दर वेळी मागे घ्यायची. त्या दिवशी ती म्हणाली, "मंत्रिमहोदयांनी आजच्या तासात चार प्रश्न चार मंत्रालयांकडे पाठवले. पाचवं मंत्रालय सापडेपर्यंत मी मागे घेत नाही."

माझ्याच पक्षाची चोपड्याच्या शेजारची दोन बाकं हसली. अध्यक्षांनी आवाजी मतदान घेतलं. "होय" आणि "नाही" दोन्हीकडून इतकं मोठ्याने आलं की निर्णय देता येईना. विरोधकांनी मतविभागणी मागितली, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. परीक्षकांनी विधेयक अधांतरी राहिल्याबद्दल गुण कापले. निवृत्त प्राध्यापक मात्र बाहेर चहाला धडगावपाशी जाऊन बराच वेळ बोलत उभे होते.

आमचा नंबर दुसरा आला. विषय माझ्यापुरता तिथे संपायला हवा होता, पण रावेरची ती वही होती. लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती असते. "माहिती गोळा करण्यात येत आहे", "तपासून बघू" अशी वाक्यं आश्वासन धरली जातात आणि ती तीन महिन्यांत पूर्ण करावी लागतात. रावेरने माझी आश्वासनं तारीख घालून उतरवून ठेवली होती. तीन महिने झाले त्या दिवशी सकाळी मोबाइलवर निरोप: "मंत्रिमहोदया, पटलावर काही दिसत नाही."

मी टाळलं असतं, पण तिने दुपारी केळीचे वेफर्स घेऊन घरच गाठलं. पप्पा म्हणाले, "दे ना तिची माहिती, एवढं काय." मग आम्ही दोघींनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणजे नियम ४१ ची तालीम कामाला आली. विषय तिचाच: दोन तालुक्यांतली संदर्भ हवामान केंद्रं, गेल्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या रोजच्या नोंदी, बंद दिवस. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या बाबूंनी अर्ज वरून खाली वाचला आणि विचारलं, "केळीचा आणि तुमचा काय संबंध? तुम्ही तर कॉलनीतल्या." रावेर म्हणाली, "या मंत्री आहेत." त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

तीस दिवसांच्या आत पत्र आलं. कलम ६(३) खाली अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे, सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. रावेरने पत्राचा फोटो काढून धडगावला पाठवला. तिचं उत्तर आलं, विधेयकात तिसरं कलम घालते. कोणतं ते अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या कार्यालयाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते, आणि पहिल्या अपिलाचा मसुदा आम्ही आत्ताच लिहून ठेवला आहे.